हेमलतेच्या गाण्याचा खर्ज

हे कुणी खरं मानणार नाही. नका मानू. बंडूनानांचं बोलणं ज्यांनी ज्यांनी खरं मानलं, ते कुठे ना कुठे पस्तावले. ज्यांनी खोटं मानलं, ते मात्र शेवटपर्यंत ऐकत बसले.

वैशाखाचं ऊन होतं. पांढरं, पिंजलेलं, कापसासारखं ऊन. पत्र्यांवर ऊन, गच्च्यांवर ऊन, दारादारांतल्या सुताच्या बाचक्यांवर ऊन. पंचगंगेच्या पात्रात पाणी थोडं आणि ऊन फार. साऱ्या इचलकरंजीवर जणू कुणी न विणलेलं धोतर वाळत घातलं होतं, आणि त्याच्या एका विरलेल्या सावलीत, श्रीपती बुगडच्या अंगणात, जाजमावर चार म्हातारे बसले होते.

श्रीपतीचं आज तेरावं. गोडाचं जेवण झालेलं, पानं उचललेली, सुपारी फिरलेली. एके काळी ‘झुळूक ऑर्केस्ट्रा’ म्हणून जे काही होतं, त्यातलं उरलेलं हे एवढंच. अ‍ॅकॉर्डियनवाला बशीरभाई, दोघे गप्प व्हायोलिनवाले, आणि काँगो बडवून बडवून तळहात चामड्याचे झालेले बंडूनाना. श्रीपतीची एकुलती एक लेक चारुशीला आतबाहेर करत होती, पाण्याचे तांबे भरून ठेवत होती. नाना बोलू लागले तशी ती उंबऱ्यापाशी थांबली.

तर ऐका.

श्रीपती दिवसा मागांचा जॉबर. बिघडलेला माग दुरुस्त करणारा, ग्रीसमाखल्या बोटांचा, वाकल्या पाठीचा, मेघगंभीर मौनाचा माणूस. कार्यक्रमाला उभा राहिला की त्याच बोटांत बेस गिटार. चार तारा, जाड, दोरखंडासारख्या. लोकांना गाणं ऐकू यायचं, श्रीपतीला गाण्याच्या खालचं गाणं ऐकू यायचं. लोक फूल बघतात ना, तसं नव्हे. त्याला मुळांचं पाणी पिणं ऐकू यायचं.

त्याच्या हाताची काय तारीफ सांगावी! कबनूरच्या जत्रेत एकदा त्यानं सगळ्यांत जाड तार छेडली, आणि शेजारच्या गल्लीत कुणी रवीला हातही न लावता ताकावर लोणी आलं.

“नाना,” बशीरभाई म्हणाला, “परवा तुम्ही दही लागलं म्हणाला होता.”

“दही परवाचं. आज लोणी. तुझ्या अ‍ॅकॉर्डियननं मात्र दूध नासायचं, ते मी कुणाला सांगितलं का?”

म्हातारे हसले. उंबऱ्यातली चारुशीलाही किंचित हसली.

पण हात नंतर. आधी कान. ते दिवस कॅसेटींचे होते. नोटेशनची छापील पुस्तकं मुंबईला मिळत असतील तर असोत. इकडे गाणं बसवायचं तर कॅसेट लावायची, कान लावायचा, आणि एकेक सूर काट्यानं काटा काढावा तसा काढायचा. व्हायोलिनचं सोपं, ते वर तरंगतं. गळ्याचं त्याहून सोपं. बेसचं तसं नाही. तो तळाशी असतो. दिसत नाही, पण काढून घेतला की सगळं गाणं पायाखालची माती सरकल्यासारखं लटपटतं.

आणि तळाशी काय होतं या गावात? तळाशी माग होते. हजारो मागांचा खडखडाट, दिवसरात्र, भिंतींतून, फरशीतून, पाण्याच्या हंड्यातून, झोपलेल्या पोरांच्या बरगड्यांतून. ज्या पाताळात बेस राहतो, त्याच पाताळात मागांचं बिऱ्हाड. तिथून एक सूर वेगळा काढणं म्हणजे पुरातून आपली घागर ओळखणं.

म्हणून श्रीपती एका वाराची वाट बघायचा. आठवड्यातला एक वार वीज बंद असायची. लोक त्याला सुट्टीचा वार म्हणत. त्या दिवशी पहाटे माग थांबत, आणि गावावर एक शांतता उतरायची, अशी शांतता की बायकांना आपल्याच बांगड्या नव्यानं ऐकू येत, कावळा ओरडला तर माणसं चमकून वर बघत, आणि नदी, जी आठवडाभर नुसती दिसायची, ती वाहताना ऐकू यायची.

वीज नाही तर टेप कसा वाजायचा? सेलवर. सहा जाडे सेल. सकाळी सकाळी श्रीपती ते कट्ट्यावर उन्हात मांडून ठेवायचा, पापड वाळत घालावेत तसे. ऊन खाऊन सेलांना थोडी उभारी यायची. दोन गाण्यांपुरती. मग ते दमायचे, टेप मंदावायचा, आणि गाणारी बाई हळूहळू बाप्या व्हायची, बाप्याचा रेडा व्हायचा. त्यामुळे श्रीपतीनं उतरवलेलं प्रत्येक पान अर्धा सूर खाली. सबंध ऑर्केस्ट्राला ठाऊक. तालमीला पहिला सूर लागला रे लागला की बशीर ओरडायचा, “श्रीपती, सेल दमले होते व्हय रे?” मग श्रीपती खाली मान घालून पानाच्या कोपऱ्यात वर जाणारा एक बाण काढायचा. म्हणजे, हे पान अर्ध्या सुरानं चढवून वाचावं.

आणि त्याची ती गोधडी! कुणाला सांगितलं तर वेडा म्हणतील. टेपरेकॉर्डर गोधडीत गुंडाळायचा, चांगले तीन वेढे. घड्याघड्यांत बासरी अडकायची, सतार अडकायची, गाणाऱ्याचा गळा अडकायचा, टाळ्या अडकायच्या. जुन्या लुगड्यांच्या त्या मऊ अंधारातून पार होऊन यायचा तो एकटा खर्ज. सुईण पोटाला कान लावते तसा श्रीपती गोधडीला कान लावून पडायचा. एका हातात पेन्सिल. डोळे मिटलेले.

काय काय ऐकलं त्या कानानं! लावणीचा बेस, घुंगरांच्या आडून येणारा, मांडीवर थाप मारून पळणारा. कव्वालीचा, टाळ्यांच्या खाली सतरंजीसारखा पसरलेला. डिस्कोचा, खालचा सा आणि वरचा सा, खालचा सा आणि वरचा सा, दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या पोरीसारखा न दमणारा. गोव्याच्या एका खलाशानं दिलेल्या कॅसेटवर जॅझ होतं. तो बेस चालायचा, नुसता चालायचा, हात पाठीशी बांधून, नदीकाठी निघालेल्या पेन्शनरासारखा, वाटेत भेटेल त्या सुराला रामराम करत. त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला रेगे नावाचं, कुठल्याशा दूरच्या बेटावरचं संगीत. तो बेस सगळे बोलत असताना मुका, आणि सगळे गप्प झाले की हळूच दोन शब्द टाकणारा, घरातल्या शहाण्या म्हातारीसारखा. भजनाच्या कॅसेटीत बेस गिटार कुठली? तिथं त्यानं पखवाजाचा डावा हात ऐकला, कणीक लावलेल्या त्या बाजूचा ओला, गोल घुमारा, आणि तोही उतरवून घेतला.

सगळं वहीत. शाळेच्या दोनशे पानी वह्या. चार रेघा म्हणजे चार तारा, रेघेवर बोट दाबायच्या पडद्याचा आकडा, लांब सुराला लांब शेपूट. आणि जिथं बेस थांबतो, तिथं एक रिकामा गोल. श्रीपती म्हणायचा, “गोल नीट काढावा. थांबणं चुकलं की सगळं चुकलं.”

गाणं एकदा वहीत आलं की तो ते पुसायचा. हो, पुसायचा! कॅसेटी घरात चार, आणि गाणी आभाळभर. खर्ज निघाला, पान भरलं, की लाल बटण दाबायचं आणि त्याच फितीवर रेडिओचं पुढलं गाणं भरायचं. रस काढल्यावर उसाचं चिपाड कोण जपून ठेवतं?

यात वाईट काही नव्हतं. हे नीट ध्यानात ठेवा. त्यात वाईट काही नव्हतं.

मग हेमलता आली. गडहिंग्लजची. सावळी, ठेंगणी, कपाळावर अठन्नीएवढं कुंकू. माइकपुढं उभी राहिली की माइकची उंची कमी करावी लागायची, आणि तिनं तोंड उघडलं की तंबूची वाढवावी लागायची. पहाटेच्या दवातून निघालेल्या बैलगाडीच्या घुंगुरमाळेचा आवाज. उसाच्या कोवळ्या पात्याचा आवाज, गोड आणि किंचित कापणारा. पहिल्या कार्यक्रमात ती गाऊ लागली आणि श्रीपतीची बोटं एक आवर्तनभर थांबली. गेल्या जन्मात आणि या जन्मात मिळून ती त्याची एकच चूक. पुढच्या वैशाखात लग्न.

“अहो,” ती गोधडीकडे बघून म्हणायची, “आत कोण बाई गातेय ते तरी बघा. गुदमरून मरेल बिचारी.”

“बाईचं काय करायचंय? खाली बघ, खाली काय चाललंय.”

“खालीच बघा तुम्ही. आणि बायको केलीत ती काळी पाचच्या उंच पट्टीची!”

तो हसायचा नाही. कान लाल व्हायचे. तेच त्याचं हसणं.

आता त्या गाण्याचं सांगतो. ऑर्केस्ट्राचे मास्तर, देव त्यांचं भलं करो, यांनी खास हेमलतेसाठी एक नवं गाणं बांधलं. नदीवर गेलेली एक बाई घागर भरायची विसरते आणि पाण्यातलं आभाळ बघत राहते, एवढंच त्यात. कोल्हापूरच्या एका बारक्या स्टुडिओत, एका दुपारी, एका दमात ते ध्वनिमुद्रित झालं. श्रीपतीपुढे वही नव्हती. तो हेमलतेच्या गळ्याकडे बघत होता, तिथली ती लहानशी शीर श्वासागणिक हलते तिकडे, आणि बोटं आपली आपण चालत होती. ती चढली की तो तळाला गेला. ती थबकली की त्यानं हात दिला. ती श्वासाला थांबली की तोही थांबला.

संपल्यावर मास्तर म्हणाले, “श्रीपती, हेच. कार्यक्रमाला हेच वाजव. यातला एक सूर इकडचा तिकडं करू नको.”

आणि श्रीपतीला काही आठवेना. बोटांनी काय केलं ते बोटांनाच ठाऊक. परक्यांची शेकडो गाणी उतरवणारा माणूस, त्याच्यावर आता स्वतःचाच बेस स्टुडिओनं भरून दिलेल्या कॅसेटवरून शिकायची पाळी आली.

सुट्टीचा वार आला. सेल उन्हात तापले. गोधडीचे तीन वेढे बसले. स्वयंपाकघरात हेमलता भाकरी थापत होती, दीड वर्षाची चारू परातीतलं पीठ अंगाला फासत होती. हेमलता ओरडली, “आज माझ्याच अंगावर टाकलीत गोधडी! हवा तरी येऊ द्या!” श्रीपतीनं ऐकलं नाही. तो तळाशी होता. सूर येत गेले, पान भरत गेलं. रेघा, आकडे, शेपट्या, आणि मधे मधे नीट, वाटोळे, रिकामे गोल.

पान भरलं. आणि त्यानं लाल बटण दाबलं.

का दाबणार नाही? गाणारी घरात होती. चुलीपाशी, नळापाशी, पाळण्यापाशी दिवसभर तोच गळा गुणगुणत होता. विहीर अंगणात असलेला माणूस पावसाचं पाणी शिशीत भरून ठेवतो का? फितीवरून हेमलता सरकत गेली, आणि तिच्या जागी रेडिओवरचं कुठलंसं डिस्को बसलं. खालचा सा, वरचा सा, खालचा सा, वरचा सा.

तालीम व्हायचीच होती. त्याआधी हेमलतेला कावीळ झाली. डोळे पिवळे, नखं पिवळी, घाम पिवळा. हळदीच्या दिवशी माखली होती तशीच पुन्हा माखली, फक्त या वेळी वरात उलट्या वाटेनं निघाली. अठरा दिवस. अठराव्या दिवशी माग चालू होते. कुणाचं रडणं कुणाला ऐकू आलं नाही.

पुढच्या सुट्टीच्या वारी श्रीपतीनं सेल उन्हात मांडले नाहीत, तसेच गार घातले. गोधडी बाजूला सारली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वरचं ऐकायचं होतं. कॅसेट लावली, आणि एक परकी बाई खिदळत गाऊ लागली. त्यानं बाजू उलटली. पुन्हा उलटली. फीत ओढून बाहेर काढली आणि उन्हात धरली. वीतभर, हातभर, तपकिरी, चकाकती फीत, आणि तिच्यातून पलीकडचं अंगण दिसलं. दुसरं काही दिसलं नाही.

कोल्हापूरला गेला. स्टुडिओवाल्यानं रीळ केव्हाच पुसून त्यावर दुसरं भरलेलं; तोही बिचारा त्याच जातीचा. मास्तर वर्षभरात गेले. गाणं कार्यक्रमात एकदाही झालं नव्हतं, त्यामुळे लोकांना त्याची चाल यायचं कारण नाही. बशीरला विचारा, आहे इथंच.

“मला मुखडा आठवायचा,” बशीरभाई जाजमाकडे बघत म्हणाला. “वाजवायला घ्यायचो, आणि तो भलत्याच गाण्याचा निघायचा.”

आणि श्रीपती? ज्यानं ते गाणं दिवसभर गोधडीला कान लावून शंभर वेळा ऐकलं, तो? त्याला चाल येत नव्हती, मंडळी. त्यानं ती कधी ऐकलीच नव्हती. तो खालचं ऐकत होता.

दिवस सुतासारखे कांडीवर गुंडाळत गेले. चारू सात वर्षांची झाली. शाळेच्या गॅदरिंगला बाई म्हणाल्या, तुझी आई गायची ना, मग तूही गा. पोरगी घरी आली, दप्तर न काढता बापासमोर उभी राहिली.

“बाबा, आई कशी गायची?”

श्रीपती उठला. ती वही काढली, ते पान काढलं. सुट्टीचाच वार होता. वीज नाही म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर नाही, आणि अ‍ॅम्प्लिफायर नाही तर बेस गिटार म्हणजे नुसतं तार बांधलेलं फळकूट. म्हणून त्यानं गिटारीचं डोकं लाकडी कपाटाला टेकवलं. कपाट घुमू लागलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यानं पान वाजवलं. खोल, सावळं, ओलं काहीतरी खोलीभर हिंडलं आणि बसलं.

“हे तर तुम्ही वाजवताय,” चारू म्हणाली. “आई कुठाय?”

श्रीपतीनं वहीतल्या एका रिकाम्या गोलावर ग्रीसचं बोट ठेवलं. “हितं. मी थांबलोय ना, हितं ती हाय.”

पोरीनं वाकून गोलात बघितलं.

तेव्हापासून तो उलटा कामाला लागला. आजवर गाण्यातून खर्ज काढला, आता खर्जातून गाणं काढायचं. पायावरून घर ओळखायचं, पायरवावरून चेहरा. हा सूर तळाशी आहे तर वर ती कुठं असेल? या गोलात तिनं श्वास घेतला, तर त्याआधीची ओळ किती लांब? फाटक्या, ग्रीस प्यायलेल्या गळ्यानं तो एकेक चाल लावून बघायचा. चारू कपाटाला कान लावून बसायची. “आली का गं?” तो विचारायचा. ती मान हलवायची. नाही. पुढच्या वारी पुन्हा. “आली का?” नाही. वर्ष गेलं. कपाटाच्या लाकडावर त्या छोट्या कानाची तेलकट खूण उमटली, शिंपल्याएवढी.

एकच हवं होतं त्याला. त्यानं जे पुसलं ते या पोरीला एकदा, एकदाच, परत मिळावं. त्यासाठी जगत होता म्हटलं तरी चालेल.

मग मार्गशीर्षातली ती सकाळ. कोवळं, केशरी, हळदीकुंकवासारखं ऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आलेलं. माग थांबलेले. आठ वर्षांची चारू मांडणीपाशी बसून गवारीच्या शेंगा मोडत होती, आणि श्रीपती तिच्याशेजारी वह्या चाळत होता. लावणीचं पान, कोपऱ्यात बाण. कव्वालीचं पान, बाण. डिस्को, बाण; जॅझ, बाण; भजन, बाण. आणि हेमलतेचं पान.

बाण नाही.

तो बघतच राहिला. त्या गाण्याची तालीम झाली नव्हती; बशीर ओरडला नव्हता; बाण काढायचा राहिला होता. त्या दिवशीही सेल दमलेलेच होते! वर्षभर तो बायकोला अर्धा सूर खाली हाका मारत होता. ती एक पायरी वर उभी, आणि हा जिन्याखाली शोधतोय.

त्यानं खुंट्या पिळल्या. चारी तारा अर्ध्या सुरानं चढवल्या. घाईत जाड तार दोनदा निसटली. कपाटापर्यंत जायला धीर नव्हता, म्हणून गिटारीचं डोकं तिथंच समोरच्या लाकडी मांडणीला टेकवलं. मांडणीवर भांडी होती. हेमलतेच्या माहेरची, लग्नात आलेली. पितळी डबे, तांब्याचा हंडा, काशाचं ताट, फुलपात्री, आणि प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, सौ. हेमलता श्रीपती बुगड.

हा बंडूनाना तेव्हा दारातच चपला काढत होता. स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे. आता यापुढचं खरं मानू नका.

श्रीपतीनं पहिला सूर छेडला, आणि हंडा बोलला. दुसरा छेडला, काशाच्या ताटानं हुंकार दिला. डबे जागे झाले, फुलपात्री एकमेकींना बिलगून झिणझिणू लागली, आणि त्या सगळ्या पितळी, तांबूस, सोनेरी गुंजारवाच्या मधोमध, जसं ढवळलेल्या पाण्यात तुकड्यातुकड्यानं आभाळ पुन्हा जुळतं, तसा एक गळा जुळत आला. दवातली घुंगुरमाळ. उसाचं कोवळं पातं. हेमलता! सबंध हेमलता, मुखड्यापासून अंतऱ्यापर्यंत, शब्दन् शब्द! वीज नसताना पलीकडच्या शेडमधले बारा माग तालात हलले. नळावरच्या बायकांच्या घागरी भरून वाहिल्या आणि कुणाला भान राहिलं नाही. पंचगंगा, तुमची शपथ, दोन हात उलटी वाहिली आणि गाणं संपल्यावर परत फिरली!

 व्हायोलिनवाल्यांनी माना खाली घातल्या.

शेवटचा गोल आला. श्रीपती थांबला. त्यानं पोरीकडे वळून विचारलं, आली का गं? आणि चारू, मांडीवरच्या शेंगा उधळून, टाळ्या पिटत उठली, “आली! बाबा, आई आली!”

तो माणूस हसला, मंडळी. पहिल्यांदा तोंडानं हसला. त्यानंतर दर सुट्टीच्या वारी ते पान वाजलं, दर वारी हेमलता घरी आली. जे पुसलं ते त्यानं लेकीला परत दिलं. म्हणून म्हणतो, रडू नका. श्रीपती भरल्या हातांनी गेला. त्याचं काही राहिलं नाही.

“नाना,” चारुशीला म्हणाली, “खोटं आहे ते.”

ती उंबऱ्यातच उभी होती. हातातला तांब्या तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

“ताकावर लोणी आलं, ते खरं धरते. नदी उलटी वाहिली, तेही धरते. आवाज आला, हे खोटं. बाबांनी वाजवणं थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. तसं कुणी कुणाकडे बघू नये, नाना. आठ वर्षांची होते, पण तेवढं कळलं मला. म्हणून म्हटलं, आली. एकदा म्हटल्यावर पुढच्या वारी नाही कसं म्हणणार? मग म्हणतच राहिले. शेवटच्या दिवशी दवाखान्यातसुद्धा. त्यांची बोटं चादरीवर फिरत होती. डोळे उघडले, विचारलं, आली का गं? मी म्हटलं, आली बाबा, ऐकतेय मी. ते हसले आणि गेले. मला माझ्या आईचा आवाज माहीत नाही. एक सूरसुद्धा नाही. त्या दिवशी नुसती भांडी थरथरली. त्यांच्यावरचं तिचं नाव थरथरलं, थोडा वेळ. मग थांबलं.”